संगणकातला लाल पुरखा

पोंभुर्ण्याच्या जंगलातल्या त्या गावात आंब्याखाली सगळं गाव लोटलं होतं. जनावरं चारायला कुणी गेलं नव्हतं. एक बोकड तेवढा दावं तोडून स्वतःच दर्शनाला आला होता. झाडाखाली टेबल, टेबलावर संगणक, संगणकाला झेंडूचा भलामोठा हार आणि मागे भगव्या कफनीतले संगणकानंद महाराज. देव जीपच्या बॅटरीवर चालत होता, कारण भारनियमनापुढे त्याचंही काही चालत नसे.

वारलू आपल्या आज्याचा ढोल छातीशी धरून रांगेत उभा होता. त्याच्या मुलीचं, करिश्माचं, लग्न तोंडावर आलं होतं आणि या ढोलावर थाप पडल्याशिवाय त्यांच्या घरची नवरी मांडवात येत नसे.

घरच्या ढोलात पुरखा, म्हणजे पूर्वज, वसतो अशी गावाची श्रद्धा, त्यामुळे महाराजांची रीत सोपी होती. समोर ढोल वाजवायचा. पडद्यावर रंग नाचले की पुरखा ‘ऑनलाइन’ आला. निळा आला तर शांत, लाल आला तर कोपलेला. कोपलेल्या पुरख्याचा ढोल घरात ठेवला तर वंश बुडतो, म्हणून तो महाराजांच्या जीपमध्ये टाकायचा. पुढे ते त्याचं गंगेत विसर्जन करणार. जीप भरत आली तरी निळा पुरखा एकही निघाला नव्हता. सगळ्यांच्याच पुरख्यांना एकदम राग यावा असं गावानं काय केलं होतं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

वारलूची पाळी आली. देवापुढे ढोल न्यायचा तर आधी शेकोटीवर तापवून कातडं ताणायचं, हा तिकडचा रिवाज. वारलूनेही तो मन लावून तापवला होता. थाप पडली, कडक आवाज घुमला आणि पडदा लालभडक झाला.

“पुरखा हँग झाला, बेटा,” महाराज हळहळले. “वैकुंठात नेऊन फॉरमॅट करावा लागेल.”

वारलूच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी तो जीपकडे वळला. लेकीच्या संसारापुढे ढोल काय, असं त्यानं मनाला समजावलं.

“वारलूभाऊ, थांबा.” शाळेतल्या चित्रकलेच्या आफ्रीनबाई पुढे आल्या. त्या चंद्रपूरच्या, पाट्या रंगवणाऱ्या पेंटरची मुलगी. दर रविवारी तिथल्या सायबर कॅफेत बसून त्या पोरांसाठी चित्रं, गाणी आणि चित्र काढायचे प्रोग्राम शोधून आणत. त्यांनी ढोलाच्या कातड्यावर ओलं फडकं फिरवायला लावलं आणि वारलूला पुन्हा वाजवायला सांगितलं. सैल कातड्यातून जाड, बोदा आवाज निघाला. पडदा निळाशार झाला.

“एवढ्यात राग गेला?” म्हातारी बुधरीबाई म्हणाली.

पाणी लागलं, शांती झाली, असं महाराज घाईघाईनं समजावू लागले. तेवढ्यात बोकडानं टेबलावर पाय टेकून झेंडूचा हार खायला घेतला आणि तोंड वर करून बेंबाटला. पडद्यावर लाल आगडोंब उसळला.

“याचा पुरखा रागावनारच,” बुधरीबाई म्हणाली. “मागच्या जत्रेत आमीच खाल्लो त्याले.”

गाव हसलं. हार निम्मा बोकडाच्या पोटात गेला होता आणि उरलेल्या फुलांतून एक मायक्रोफोन डोकावत होता. बाईंनी तो रुमालात गुंडाळून मुठीत घट्ट दाबला आणि वारलूला जोरात वाजवायला सांगितलं. त्यानं जीव तोडून ढोल बडवला. पडदा काळाठिक्कर राहिला.

बाईंनी समजावलं, हा गाण्यावर रंग नाचवणारा साधा प्रोग्राम. कॅफेत पोरं मजेसाठी लावतात. जाड आवाजाला निळा, कडक आवाजाला लाल. गावानं ढोल तापवून आणले, म्हणून सगळेच पुरखे लाल.

“मग माहा ढोल कुठी गेला?” डोमानं विचारलं. त्याचा ढोल महाराजांनी गेल्याच महिन्यात नेला होता.

“डोमाभाऊ, तुमच्या ढोलाले हिरव्या कापडाचं ठिगळ होतं ना? त्याचा फोटो मी रविवारी इंटरनेटवर पाह्यला. विदेशातले लोक असे जुने ढोल घरात सजवाले विकत घेतात. गंगेत नाई, बाजारात गेला तो.”

महाराज जीपकडे सरकले, पण जीपची बॅटरी देवाला जोडलेली होती आणि तिच्याशेजारी डोमा ठाण मांडून बसला होता. पोलीस येईपर्यंत तो उठला नाही.

जीपमधले ढोल उतरले. वारलूनं आपला ढोल उचलला, पण पाय अडखळला. “बाई, पन पुरखा खरंच रागावला असन तं?”

“आज्याचा ढोल पनतीच्या लग्नात वाजला तं आजा काऊन रागावन, भाऊ?” बाई म्हणाल्या. “मशीनले फक्त आवाज समजते. राग-लोभ आपल्याले समजते. म्हनून कोनी काई मागून राह्यला, तं देयाच्या आधी विचारा, हे कसं होते आन् याच्यात फायदा कोनाचा. विचारल्यानं कोनताच पुरखा कोपत नाई.”

करिश्माच्या लग्नात वारलूनं ढोल चांगला तापवला आणि पहिली थाप मारली. नवरी मांडवात आली. बोकडाला मात्र त्या दिवशी मानाचा हार घातला होता, आणि तो त्यानं लगेच खाल्ला.