तीन रकान्यांचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, शिंप्याच्या दुकानातला. एका सुताराने दाराची उरलेली फळी तासून मला घडवलं आणि काळा रंग दिला. रंगाचे दोन हात द्यायचे, तर त्याने घाईत एकच दिला. त्यामुळे माझ्यावरचं कितीही पुसलं तरी पुसटसं मागे राहतं. ही माझी खोड लक्षात ठेवा, पुढे ती उपयोगी पडली.

दुकानात माझं काम सोपं होतं. कोणता कपडा कोणत्या दिवशी द्यायचा, ते मास्तर माझ्यावर लिहीत. 'कोट, बुधवार. दोन फ्रॉक, शनिवार.' पस्तीस वर्षांत दिलेला दिवस त्यांनी एकदाही चुकवला नाही. गिऱ्हाइकं म्हणत, "फळ्यावर चढलं ना, मग झालंच समजा." कौतुक मास्तरांचं होई, पण मान माझी ताठ होई.

मग मास्तरांची नजर अधू झाली, सुईत दोरा ओवता येईना. दुकान बंद झालं. मला घरी आणून कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून ठेवलं. सहा वर्षं मी भिंत पाहिली. भिंतीत पाहण्यासारखं फारसं काही नसतं.

त्या वर्षांत मास्तरांची तीन मुलं तीन देशांत स्थिरावली, तिथेच त्यांची लग्नं झाली. थोरल्याची मुलगी जर्मन बोले, मधलीचा मुलगा जपानी आणि धाकट्याची मुलगी पोर्तुगीज. मास्तरांनी त्यांची लाडाची नावं ठेवली होती, तीही शिंप्याच्या घरातली. बटण, दोरा आणि चिमटी. फोनवर चेहरे दिसत, हात हलत, आणि थोडं हसून झालं की दोन्हीकडचे गप्प बसत.

एका वर्षाच्या पहिल्याच दिवशी मास्तरांनी मला बाहेर काढलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशेजारी टांगलं. नातवंडांच्या तीन भाषांचे तीन रकाने आखले. वर लिहिलं, 'यंदा प्रत्येकी एक हजार शब्द.'

मास्तरांच्या पत्नी, म्हणजे मुलांच्या आजी, भांडी विसळत होत्या. "आपल्या भाषेत तरी कुठे धड बोलता?" त्या म्हणाल्या. "माझं बोलणं ऐकायचं नाही आणि मध्येच हो हो म्हणायचं."

"हो," मास्तर म्हणाले. त्यांचं लक्ष खडूकडे होतं.

रोज सकाळी चहा झाला की ते फोनवर भाषेचे धडे लावत. जपानी अक्षरं तर भरतकाम करावं तशी जपून काढत. पण त्यांच्या हाडात एक सवय मुरलेली होती. घेर सगळीकडून सारखा हवा, जिथे जास्त असेल तिथे कात्री लावायची. पोर्तुगीज त्यांच्या जिभेवर चटकन बसली. तीन महिन्यांत तिचे शंभर शब्द झाले, जर्मनचे चाळीस आणि जपानीचे कसेबसे बत्तीस. मास्तर बेचैन झाले.

"बटण आणि दोरा म्हणतील, आजोबा एकट्या चिमटीचेच," असं म्हणून त्यांनी फडकं घेतलं. बटणाच्या रकान्यातले आठ आणि चिमटीच्या रकान्यातले अडुसष्ट शब्द पुसून टाकले, त्यांची उजळणीही थांबवली. सगळे बरोबरीला आले की पुन्हा लिहू, असं त्यांनी ठरवलं. चिमटीच्या त्या पुसलेल्या शब्दांत 'आज' होता, 'उद्या' होता, सगळे वारही होते.

पुढच्या वर्षी पाचशेचा संकल्प झाला, त्याच्या पुढच्या वर्षी दोनशेचा. दरवेळी एक रकाना पुढे पळे आणि मास्तर त्याला मागे ओढत. रंग, आकडे, फळं, आई, बाबा, हो, नाही. तिन्हीकडे तेवढंच, अगदी मापात. मला फार वाईट वाटे, पण फळ्याला कोण विचारतो?

चौथ्या वर्षी धाकटा मुलगा सात वर्षांच्या चिमटीला घेऊन आला. त्याला सोमवार ते शुक्रवार कामासाठी दुसऱ्या शहरात जायचं होतं, म्हणून तिला त्याने आजी-आजोबांकडे ठेवलं. मास्तरांना आकाश ठेंगणं झालं. पहिल्या दिवशी आकडे झाले, रंग झाले, फळं झाली. तासाभरात सगळे शब्द संपले.

मंगळवारी सकाळी चिमटीने त्यांना काहीतरी विचारलं. त्यातला 'बाबा' हा शब्द मास्तरांनी ओळखला. आनंदाच्या भरात ते पोर्तुगीजमध्ये म्हणाले, "हो, हो."

चिमटीने बूट घातले, बाहुली पिशवीत भरली आणि ती दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसली. मास्तरांना वाटलं, पोर खेळतेय. ती तिथेच जेवली. बाहेर दिवे लागले तेव्हा तिने गुपचूप बूट काढले. त्यानंतर मास्तर जवळ आले की ती आजींच्या मागे जाई.

थोड्या वेळाने मुलाचा फोन आला. तो आधी चिमटीशी बोलला, मग मास्तरांशी. "बाबा, मी आज येणार का, असं तिनं विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात?"

"मला कळलंच नव्हतं रे तिचं बोलणं."

"मग तसं सांगायचं ना तिला."

"तेवढंच येत नाही मला," मास्तर म्हणाले.

पस्तीस वर्षांत परक्या गिऱ्हाइकाचाही दिवस चुकवला नव्हता, आणि स्वतःच्या नातीला त्यांनी खोटा दिवस दिला होता. ते जेवले नाहीत. मित्रांनो, मी लाकडाचा आहे, पण त्या संध्याकाळी मलाही ते पाहवेना.

बुधवारी सकाळी मास्तर माझ्यासमोर उभे राहिले. खिडकीतून तिरपं ऊन माझ्यावर पडलं होतं. चिमटीच्या रकान्यात त्यांना पुसट अक्षरं दिसली. 'आज'. त्याखाली 'उद्या'. त्याखाली ओळीने वार. त्या घाईतल्या सुताराचे मी मनोमन आभार मानले. मास्तरांनी शिंप्याचा चपटा निळा खडू शोधून आणला आणि एकेक अक्षर गिरवलं. मग फडकं घेऊन ते थबकले.

"अगं, जागा पुरत नाही. बटण आणि दोराचे रकाने पुसू?"

"पुसा की," आजी म्हणाल्या. "ती दोघं कुठे दाराशी बसलीत?"

त्यांनी पुसले. मोकळ्या जागेत बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन चौकोन काढले. शुक्रवारच्या चौकोनात बाबाचं चित्र हवं होतं, पण मास्तरांना माणूस काढता येत नव्हता. त्यांनी कोट काढला, कॉलर आणि खिशांसकट.

चिमटी आजींच्या आडून बघत होती. मग पुढे आली. तिने खडू घेऊन मास्तरांचं एक चुकलेलं अक्षर दुरुस्त केलं, कोटावर वाटोळं डोकं काढलं आणि शेजारी वार लिहिला. "शुक्रवार?" तिने तिच्या भाषेत विचारलं.

"शुक्रवार," मास्तर तिच्यासारखंच म्हणाले.

शुक्रवारी दुपारी बाबा आला. तो दारात दिसताच चिमटीने आधी माझ्यावरच्या कोटावर बरोबरची खूण केली आणि मगच ती धावली.

निघायच्या दिवशी तिने माझ्याकडे बोट दाखवून मास्तरांना काहीतरी विचारलं. त्यांच्या ओठांवर 'हो' आला होता, मी पाहिला. त्यांनी तो गिळला. मुलाकडून त्यांनी एक वाक्य घोकून घेतलं होतं, तेच ते सावकाश म्हणाले, "मला समजलं नाही. पुन्हा सांग."

तिने पुन्हा सांगितलं. तरी कळेना. तिसऱ्यांदा तिने स्वतःच्या अक्षरावर बोट ठेवलं आणि हाताने पुसल्यासारखं केलं. 'मी लिहिलेलं पुसणार का?' असं ती विचारत होती.

"नाही," मास्तर म्हणाले. या वेळी त्यांना नेमकं ठाऊक होतं, आपण कशाला नाही म्हणतोय.

यंदाच्या वर्षी माझ्यावर हजाराचा आकडा नाही. चिमटीचा रकाना खालपर्यंत भरत चालला आहे, बटण आणि दोराच्या पाळ्या पुढे आहेत. मात्र तिन्ही रकान्यांत सगळ्यांत वर, त्या त्या भाषेत, एकच वाक्य आहे. 'मला समजलं नाही. पुन्हा सांग.' ते पाहून आजी म्हणाल्या, "आपल्या भाषेतही लिहा. माझ्यासाठी." मास्तरांनी चौथा रकाना आखला.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादा जुना फळा असेल तर त्याला भिंतीकडे तोंड करून ठेवू नका. आणि पुसताना थोडं बघून पुसा. माझे मास्तर जागा लागेल तसं मला पुसतात, पण उजवीकडचा खालचा एक चौकोन सोडून. तिथे एक कोट आहे, त्याला वाटोळं डोकं आहे आणि शेजारी वाकड्या अक्षरांत शुक्रवार लिहिलेला आहे.