खुर्ची ते बाक

"सर, दरवेळी धम्मानंदच काहून? पायात काठी उन्मेषनं घातली, तं उन्मेषले बसवा ना."

"गोलकी जाऊन बसला तं गोल तू अडवशीन काय?" मुकुंद सर म्हणाले. "तोंड बंद कर अन् खेळ."

मी हेल्मेट आपटलं. शाळा मी अशाच एका बोलण्यावर सोडली होती. हे खेळणं सोडवलं नाही.

नागपुरात बर्फ गोळ्याच्या गाडीवरच भेटते, म्हणून आमची आइस हॉकी सिमेंटवर, पायाले चाकं बांधून. रबराची चकती, सतरा वर्षांखालची पोरं, नियम बाकी बर्फावरचेच. फाऊल केला की रिंकच्या पलीकडं लाल खुर्चीवर दोन मिनिटं बसायचं, अन् टीमनं एक पोरगा कमी घेऊन खेळायचं. गोलकीनं फाऊल केला तं त्याच्या बदल्यात दुसरं कोणी बसते. आमचा गोलकी उन्मेष झकास, पण जवळ आलेल्याच्या पायात काठी घालायची त्याले खोडच. बदल्यात सर धम्मानंदले पाठवत, कारण टीममधी सगळ्यात ढिल्ला तोच. सजा संपली की त्यानं रिंक आडवं कापत बाकावर यायचं, मग त्याच्या जागी ऋषिकेश उतरायचा. पूर्ण सीझन धम्मानंद खेळला तो खुर्ची ते बाक, एवढाच.

भांडणं केल्यामुळं मी बी पुष्कळदा त्याच्या बाजूले बसलो. मी बसतो ते पाय पसरून, रेफरीले शिव्या देत. हा पाठ सरळ, पट्टे कसलेले, काठी खाली टेकवलेली, जशी आत्ताच चकती येऊन राहिली. कळमेश्वरवरून बसमधी उभा राहून यायचा, ते याच्यासाठी.

एकदा मी म्हटलं, "राग येत नाही काय बे? दुसऱ्याची सजा तू काहून भोगून राहिला?"

"कोणी बसल्याबिगर खेळ सुरू होत नाही ना गा," तो म्हणे. अन् मग, "एक गोल पाहिजे मले. पुढच्या वर्षी वयात बसत नाही मी."

शेवटची मॅच नागपुरातल्या सदर भागातल्या रिंकवर. दोन-दोन. उन्मेषनं पुन्हा काठी घातली, धम्मानंद पुन्हा बसला. त्याची सजा संपली तेव्हा चकती माझ्यापाशी होती अन् दोघं माझ्या अंगावर. मी नुसती फेकली. ती सरकत गेली थेट त्याच्यापुढं. समोर फक्त त्यांचा गोलकी, बाकी सगळे मागं.

सीझनमधी पहिल्यांदा त्यानं बाकाकडं पाहिलं नाही. वळला. वाकला. जोरात नाही गेला, पण एक पाय डगमगला नाही त्याचा. गोलकी पुढं आला. हा थांबला, त्याले खाली पडू दिलं, अन् चकती त्याच्यावरून उचलून जाळीत ठेवली. मारली नाही. ठेवली.

मी बोंबलत सुटलो. मग रेफरीचा हात दिसला. शिट्टी कधीचीच वाजली होती, कल्ल्यात कोणाले ऐकू आली नाही. धम्मानंद येईनच, म्हणून सरनं सवयीनं ऋषिकेशले आधीच उतरवलं होतं. रिंकवर आमचा एक पोरगा जास्त. गोल रद्द, अन् वर टीमले सजा. कोणीतरी बसायचं.

मी रेफरीवर धावलो. धम्मानंदनं मागून माझी जर्सी धरली. "जाऊ दे. तू बी बसशीन तं खेळन कोण?"

सरनं कोणाले पाठवलं नाही. धम्मानंदनं जाळीतून चकती काढली, रेफरीच्या हातात दिली, अन् आपणच खुर्चीकडं गेला.

तो बसलेला असतानाच भोंगा वाजला. दोन-दोनच. पोरं हात मिळवून पट्टे सोडाले लागले. आता बाकावर यायची घाई कोणाले नव्हती. तो उठला अन् रिंकच्या काठाकाठानं निघाला, हळूहळू, कोपऱ्यातून, गोलच्या मागून, सीझनभर जिथं गेला नव्हता तिथून. रिंकचा माणूस जाळ्या उचलाले आला होता. सर त्याले म्हणाले, "थांबा थोडं. आमचा पोरगा आहे अजून आत."

चला, निघतो मी. आता वाडीच्या गोदामात माल उतरवतो मी, ट्रक लागला, हाका मारून राहिले.