आपलं नाव आपणच पुसायचं

टिल्डाच्या दुकानात शेगडीच्या वर एक फळा आहे. आमच्या हॅगर्टी गावातलं कुणीही रानात किंवा नदीवर निघालं की त्यावर नाव, वाट आणि परतायचा दिवस लिहून जातं. परत आलं की आपलं नाव आपणच पुसायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, बायकोने नाही की आईने नाही. माणूस आता येणार नाही असं ठरलं, तरच घरचं माणूस ते पुसतं. माझ्या डोळ्यांदेखत असं तीनदा झालंय, आणि तिन्ही वेळा कारण नदीच होती.

माझा थोरला भाऊ ओरिन या फळ्याचा स्वयंघोषित मास्तर. वय एकसष्ट, त्यातली चाळीस वर्षं नदीवर गेलेली. आईवडील गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि दोघांचीही लग्नं टिकली नाहीत, कारण आमच्या दोघांच्याही जिभेला हाड नाही. त्याचा दुसरा एक नियम मला लहानपणापासून पाठ आहे: अंगावर असेल ते आपलं, होडीत असेल ते नदीचं.

मी निघाले त्या सकाळी तो दारात उभा राहून माझ्या लाइफ जॅकेटकडे बघत होता.

"खांद्याचा पट्टा शिवलास का?"

"शिवते."

"गेल्या वर्षीही शिवतच होतीस."

"सुईत दोरा ओवायला माणूस ठेव, मग शिवते."

"आणि यंत्र कुठे अडकवणार? कपाळाला?"

"तुझ्या तोंडाला अडकवते, म्हणजे दोन्ही गप्प बसतील."

यंत्र म्हणजे मुठीएवढी पिवळी डबी. ती दर दहा मिनिटांनी उपग्रहाला सांगते की आपण कुठे आहोत, आणि घरी बसलेल्या माणसाला नकाशावर एक ठिपका दिसतो. ती जॅकेटच्या खांद्यावर असायची. पट्टा उसवलेला, म्हणून मी ती होडीच्या कडीला अडकवली. बावन्न वर्षांची घोडी झाले तरी अक्कल आली नाही, दुसरं काय!

मे संपत आला होता. डोंगरावरचा बर्फ एकदम सुटला होता आणि केल्सना नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. तीन किलोची रबरी होडी गुंडाळून पाठीवर टाकायची, तीन दिवस चालत वरच्या खिंडीत जायचं, तिथे होडी फुगवायची आणि नदीने घरी यायचं, हे मी दर वर्षी एकटीच करते. या पाण्याचा एक स्वभाव आहे. रात्री डोंगर गार पडतो म्हणून पहाटे पाणी उतरलेलं असतं, आणि दिवसभराच्या उन्हाने संध्याकाळी चढतं. म्हणून आम्ही पहाटे होडीत बसतो आणि दुपारी काठाला लागतो.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, मी तसंच केलं. पुढे मोठी घळ होती, तीन मैलांची. तिच्यात पूर आलेला असताना कुणी शहाणं माणूस उतरत नाही, होडी पाठीवर घेऊन वरून चालत जातं. मी अलीकडे वाळूवर थांबले, सामान सोडलं, होडी वाळत टाकली आणि वाळवलेला सामन मासा चावत बसले. तेवढ्यात हिमनदीवरून वारा आला. माझ्या समोर ती होडी उठली, दोन कोलांट्या खाल्ल्या आणि पाण्यात पडली. मी मांडीपर्यंत पाण्यात धावले, पण ती वळणाआड गेलीसुद्धा. होडीत दगड ठेवायचा असतो हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं.

मी नदीला शिव्या दिल्या, वाऱ्याला दिल्या, मग उरलेल्या स्वतःला दिल्या. आणि नंतर चक्क हसले. मी धडधाकट होते, तंबू होता, खायला होतं. दोन दिवस झुडपांतून चालायचं आणि ओरिनची वर्षभर पुरेल एवढी थट्टा ऐकायची, एवढीच शिक्षा. अस्वलाने दचकू नये म्हणून मी मोठ्याने गात चालू लागले. माझं गाणं ऐकून अस्वलं जिल्हा सोडून जातात असं ओरिन म्हणतो.

संध्याकाळी सहा वाजता मी रोज 'ठीक आहे' असं बटण दाबते. सहा वाजले आणि सवयीने हात खांद्याकडे गेला.

खांद्यावर काही नव्हतं. पट्ट्याचा उसवलेला तुकडा तेवढा बोटाला लागला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ओरिन काय बघत असेल. मी इथे गात होते आणि तिकडे माझा ठिपका पुराच्या वेळी मोठ्या घळीत शिरला होता. मी असं कधीच करणार नाही, हे त्याला माहीत होतं. म्हणजे मी होडीत नाही, पाण्यात आहे, असंच तो समजणार. मी तिथेच ओल्या शेवाळावर बसले आणि मोठ्याने म्हणाले, "अरे, मी इथे आहे रे! ओरिन, मी इथे आहे!" बावीस मैलांवर कोण ऐकणार?

मग मी उठले आणि झोपलेच नाही. या दिवसांत आमच्या उत्तरेच्या मुलखात अंधार असा पडतच नाही, चालता येतं. वाटेतला ओढा पहाटे उतरेपर्यंत दोन तास काठावर थांबावं लागलं, ते दोन तास मी जन्मात विसरणार नाही. झुडपांनी तोंड ओरबाडलं, एक बूट फाटला. डोक्यात एकच होतं, त्याने काही करायच्या आत पोचायचं.

शुक्रवारी चार वाजता मी टिल्डाच्या दुकानाचं दार ढकललं.

टिल्डा कॉफीचा कप पुसत होती. सत्तरीची बाई, नवरा नदीत गेलेला, कधी घाबरलेली मी पाहिली नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि कप खाली पडला. फुटला तरी तिची नजर हलली नाही.

"तू नाहीस," ती म्हणाली. "एडना, तू नाहीस गं."

"आहे मी. होडी वाऱ्याने गेली. ओरिन कुठाय?"

ती फळ्याकडे बघत राहिली. मीही बघितलं. माझं नाव पुसलेलं होतं. तिथे फडक्याचा ओला पट्टा वाळत आला होता, आणि त्यातून माझ्या नावाचं पहिलं अक्षर अजून पुसट दिसत होतं. आपण मेलो आहोत हे आपल्या भावाच्या हातून कळावं, तेही अशा रीतीने!

"तुझा ठिपका घळीतून गेला आणि खाली नदीत अडकलेल्या ओंडक्यांच्या ढिगाशी थांबला," टिल्डा म्हणाली. "तो लगेच चारचाकी बाइकवरून गेला. तुझी होडी ओंडक्यांखाली गुंडाळलेली. रात्रभर शोधलं त्याने. दुपारी आला. नाव पुसलं, दोर घेतला, लांब आकडा घेतला, करवत घेतली. मी म्हटलं, ढग हटले की उद्या हेलिकॉप्टर येतंय, थांब. तर म्हणाला, तिला तिथे एकटी ठेवणार नाही."

"आणि त्याचं नाव?"

फळ्यावर ओरिनचं नाव नव्हतं. दोन मैलांवर सरपण आणायला जातानाही नाव लिहिणारा माणूस, चढत्या पाण्यात ओंडक्यांवर एकटा गेला आणि नाव न लिहिता गेला. परत यायचं असलेला माणूसच परतायचा दिवस लिहितो.

"यंत्र?" मी कसंबसं विचारलं. "माझं यंत्र कुणाकडे आहे?"

"त्याच्या छातीवर. होडीवरून काढलं आणि अंगावर लावलं."

अंगावर असेल ते आपलं. मी गल्ल्यामागच्या संगणकाकडे धावले. ओरिनने नकाशाचं पान तसंच उघडं ठेवलं होतं. नकाशावर ठिपका होता, माझ्याच नावाचा, नदीच्या मधोमध ओंडक्यांच्या ढिगावर. त्याच पानावरून यंत्राला निरोप पाठवता येतो, आणि यंत्रावरून उत्तर देता येतं. मी लिहिलं: 'मी जिवंत आहे. दुकानात आहे. ढिगावरून उतर.'

दहा मिनिटं गेली. ठिपका तिथेच.

"नदीच्या आवाजात ऐकू येणार नाही गं त्याला," टिल्डा म्हणाली.

"ऐकू आलं नाही तरी छातीला थरथर कळेल."

"ट्रकचा रस्ता वाहून गेलाय, आणि चारचाकी बाइक तोच घेऊन गेलाय. चालत सहा मैल."

"माहीत आहे! जरा गप्प बस."

मी पुन्हा लिहिलं, पुन्हा लिहिलं. वीस मिनिटं झाली. ठिपका हलला, पण काठाकडे नाही, आणखी आत. पाच वाजत आले होते, पाणी चढायची वेळ. ओंडके चढत्या पाण्यात सुटतात, आणि सुटले की वर उभं असलेलं माणूस खाली जातं. टिल्डाचा नवरा असाच गेला होता. तिने माझा खांदा इतका घट्ट धरला की वळ उठले.

मग टुण् करून आवाज झाला. उत्तर आलं होतं.

'कोण आहे? अशी थट्टा करायला लाज वाटत नाही?'

काय लिहू म्हणजे त्याला पटेल? शेवटी लिहिलं: 'पट्टा शिवला नव्हता.'

त्याचं उत्तर आलं नाही. पुढची दहा मिनिटं आम्ही दोघी पडद्यापुढे उभ्या होतो. पान बदललं तेव्हा ठिपका नदीत नव्हता. काठावर होता. त्यानंतर रस्त्यावर होता, आणि रस्त्यावरून गावाकडे येत होता. टिल्डा फुटलेल्या कपाच्या तुकड्यांत मटकन बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. मला रडूही येईना.

ओरिन दारात आला तेव्हा त्याच्या हातांची सालं निघाली होती आणि गुडघ्यापासून खाली तो चिखलच होता. मला वाटलं, तो मला मिठी मारेल किंवा थोबाडीत देईल. त्याने दोन्हीतलं काही केलं नाही. माझ्याकडे बघितलं, नुसतं बघितलं, आणि माझ्या बाजूने सरळ फळ्यापाशी गेला.

खडू त्याच्या बोटांत राहीना. दोनदा पडला. तिसऱ्यांदा त्याने मुठीत धरला आणि पोराने पाटीवर काढावीत तशी मोठी वाकडी अक्षरं काढली: एडना. वरच्या खिंडीपासून नदीने खाली. परत शनिवारी.

"आज शुक्रवार आहे," मी म्हणाले.

"लवकर आलीस," तो म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू येईना.

मग त्याने खिळ्यावरचं फडकं काढलं, माझ्या हातात दिलं आणि माझा हात धरून फळ्यापर्यंत वर नेला.

"आता तूच पूस," तो म्हणाला.