शिंप्याच्या पोटी एकोणीस

देशाची आरोग्ययंत्रणा देशाच्याच मातीतून उगवली पाहिजे, असा ठराव राजधानी लिलाँग्वेत एकमताने झाला. ज्या हॉटेलात झाला, तिथे सगळीकडे फरशी होती.

त्या मातीतून उगवलेला टॅब्लेट चिम्वाला गावात तिओंगेच्या हाती आला. ती गावची आरोग्यसेविका. प्रत्येक गरोदर बाईचं नाव, महिना आणि मोबाईल नंबर त्यात भरायचा. नंबर दिल्याशिवाय पुढचं पान उघडत नसे. गावात मोबाईल एकच, शिंपी चिकोपांचा; वडीलधारे म्हणून सगळे त्यांना 'बाम्बो' म्हणत. छपरावर सोलर त्यांच्याकडेच होतं. एकोणीस बायकांनी बिनदिक्कत तोच नंबर दिला. गावाचे सगळे निरोप त्यांच्याच ओट्यावर येत, हे का येऊ नयेत?

चिकोपा शिलाई थांबवून संदेश मोठ्याने वाचत. "प्रिय माते, आज लोहाची गोळी घेतलीस का?"

"घेतली का हो, माते?" त्या एकोणिसांतली फालेसी पोटावर हात ठेवून विचारी.

"मी घेतली. तू तुझं बघ."

एके दिवशी फालेसीचं पोट तपासताना तिओंगेचा हात थबकला. बाळ आडवं होतं, दिवस भरत आले होते. हे गावात निभणारं नव्हतं आणि रुग्णालय बेचाळीस किलोमीटरवर. तिने चिकोपांच्या फोनवरून अॅम्ब्युलन्स मागवली.

"यंत्र धोका किती दाखवतंय?" पलीकडून विचारणा झाली.

"मध्यम. पण माझ्या हाताला—"

"हाताचा रकाना नाही, ताई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र अॅम्ब्युलन्स चिकोपांच्या दारात. ड्रायव्हर कागद नाचवत उतरला. "चिकोपा कोण? अतिजोखीम! एका वेळी एकोणीस गर्भ!"

बायकांनी शिंप्याकडे पाहिलं. रात्री सगळ्या नोंदी जुळवताना एक नंबर म्हणजे एक माणूस, असं यंत्राने धरलं होतं, आणि नंबर चिकोपांच्या नावावर होता.

चिकोपांनी कात्री खाली ठेवली. "मीच तो. ही फालेसी, हिला न्या."

"कागदावर पेशंट तुम्ही आहात, बाम्बो."

"मग मी पुढे बसतो. ती मागे आडवी होईल."

शस्त्रक्रिया झाली, मुलगी झाली, दोघी सुखरूप.

आठवड्याने राजधानीतून फोन आला. आरोग्यखात्याचे साहेब खुशीत होते. "ताई, तुमच्या गावाने मोठी चूक उघडकीला आणली! दुरुस्त करतोय."

 तिओंगेने ओट्यावर बसलेल्या बायका मनात मोजल्या. अजून अठरा होत्या.

"राहू द्या ना साहेब, तशीच."

"असं कसं? देशाच्या आकडेवारीचा प्रश्न आहे."

दुरुस्ती त्याच दिवशी झाली. अठरा जणींची नोंद वेगवेगळी झाली, प्रत्येकीचा धोका मध्यम. अॅम्ब्युलन्स त्यानंतर चिम्वालाला आली नाही.