माझ्या गुडघ्यांच्या गोळ्या

डॉक्टर लिमयांनी माझा एक्स-रे पुन्हा एकदा पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "मंदाकिनीताई, तुम्हाला औषध लागूच पडत नाही. वर्षभरात तीनदा गोळी बदलली. आता गुडघेच बदलूया."

मी मान हलवली. औषध लागू पडणार कुठून? वर्षभरात त्यातली एकही गोळी माझ्या पोटात गेली नव्हती.

गोळ्या वरद खात होता. वरद माझा एकुलता एक मुलगा, एकोणतीस वर्षांचा, कबड्डीत चढाई करणारा. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने कबड्डीचा संघ ठेवला आहे. तिथली माणसं लिफ्टशिवाय एक मजला चढत नाहीत, त्यांना कबड्डी कशाला हवी हे मला अजून कळलेलं नाही. पण ठेवलाय. करार वर्षावर्षाचा. पाच हंगाम सलग खेळलात तर कंपनीत कायमची नोकरी, नाहीतर नमस्कार. वरदचा हा पाचवा हंगाम. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे त्या नोकरीची वाट मीही तितकीच पाहत होते.

गेल्या वर्षी एका सामन्यात त्याचा घोटा पिरगळला. संघाच्या डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या आणि तीन आठवड्यांची विश्रांती लिहून दिली. गोळ्या त्याने घेतल्या, विश्रांती प्रशिक्षकांना परवडली नाही. अकराव्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आई, तुझ्यातली एक दे ना. फक्त आजच्यापुरती."

मी दिली. आपल्या ताटातली पोळी मुलाच्या ताटात सरकवताना कुठली आई विचार करते? गरम पोळी त्याची, दुधावरची साय त्याची, मी आयुष्यभर हेच करत आले. गोळीही तशीच सरकवली. मला काय, घरातच बसायचं होतं.

मग एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. माझी पाकिटं महिना भरायच्या आधीच संपायला लागली. मी लिमयांकडे जाऊन सांगायची, "काही फरक नाही हो." यात खोटं तरी काय होतं? ते बिचारे आणखी जोरकस गोळी लिहून द्यायचे. वरद घेऊन बघायचा आणि म्हणायचा, "ही बरी आहे." खोटं बोलणाऱ्या पोरांना मी शाळेत पस्तीस वर्षं बाकावर उभं केलं. आता कर्वेनगरमधल्या दवाखान्यात स्टुलावर बसून, डोळ्याला डोळा भिडवून मी स्वतः खोटं बोलत होते, आणि चांगलं जमतही होतं.

माझं म्हणाल तर जिना मी आडवी पावलं टाकत उतरायची. देवासमोर खाली बसणं बंद झालं. कपडे वाळत घालताना मध्येच खुर्ची लागायची. हे सगळं चालवून घेतलं. वरदचं मात्र बघवत नव्हतं. जेवता जेवता ताटावरच त्याला पेंग यायची. एकदा रविवारी गोळ्या संपल्या आणि दुकान बंद होतं, तर घाम फुटून हात थरथरायला लागले. एक मोजा सापडेना म्हणून माझ्यावर असा ओरडला की शेजारच्या सुशीलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. संध्याकाळी पायाशी बसून रडला. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सोमवारी सकाळी पहिलं काम काय केलं, तर त्याला पाकीट आणून दिलं. मी थकले होते. थकलेलं माणूस जे सोपं असतं ते करतं.

तर त्या दिवशी लिमयांकडून रिक्षाने घरी आले. वरद घोट्यावर बर्फ ठेवून सोफ्यावर बसला होता.

"काय म्हणाले?"

"औषध लागू पडत नाही म्हणाले. गुडघे बदलायचे. दोन्ही."

मी चप्पलसुद्धा काढली नाही, तशीच उभी राहिले. तो आता म्हणेल, आई, असं कसं, तू तर एकही घेतली नाहीस, चल, आपण त्यांना खरं सांगू. एवढंच मला ऐकायचं होतं. नोकरी गेली तरी चालली असती.

त्याने घोट्यावरचा बर्फ नीट केला. मग म्हणाला, "ऑपरेशननंतर कुठल्या देतात गं? ह्याच, की जास्त पॉवरच्या?"

मी चप्पल काढून कोपऱ्यात ठेवली.

"कधीची तारीख देतायत? चौदाला सेमीफायनल आहे, त्याच्या आधी झालं तर बरं. आणि दोन्ही एकदम नको करूस. वेगवेगळे केले तर दोनदा मिळतील."

हे तो सिलिंडर कधी येणार असं विचारावं तितक्या सहज बोलला. वाईट हेतू काही नव्हता. त्याच्या डोक्यात मी नव्हतेच, आणि तोही फारसा उरला नव्हता. मला भयंकर राग आला, त्याचा आणि त्याहून जास्त माझा.

मी त्याच्यासमोरच लिमयांना फोन लावला. सगळं सांगितलं, पहिल्या गोळीपासून. वरद फोन हिसकावायला उठला, घोट्यावर भार पडला आणि तो कळवळून परत खाली बसला. लिमये आधी चिडले, आणि ते बरोबरच होतं. मग म्हणाले, "उद्या सकाळी त्याला घेऊन या. गोळ्या एकदम बंद करू नका, त्रास होईल. खेळ मात्र आजपासून बंद. आज एकच द्या, तुमच्या हाताने. आणि ताई, तुमची तुम्ही घ्या."

"तू माझी नोकरी घालवलीस," वरद म्हणाला.

"हो," मी म्हणाले. "घालवली."

त्याने टेबलावरच्या पाकिटाकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आजची देशील ना?"

पाकिटात दोनच उरल्या होत्या. एक त्याला दिली, तो गिळेपर्यंत समोर उभी राहिले. दुसरी मी घेतली.

पाऊण तासाने माझे गुडघे दुखायचे थांबले. मी उठले, गॅलरीपर्यंत सरळ चालत गेले आणि परत आले. वर्षभरात पहिल्यांदा काहीच दुखत नव्हतं. इतकं छान वाटत होतं की आणखी एक असती तर घेतली असती. उद्या त्याला लिमयांकडे न्यायचं म्हणजे काय सोडायला सांगायचं, हे मला तेव्हा कळलं, आणि मला फार भीती वाटली.