झाडणारीचा पगार

त्या शनिवारी बाबा नेहमीसारखेच बैहरच्या बसची वेळ विचारत होते. आईने डबा भरला. मी वह्या तपासत होते.

"एवढ्या दूर काहून जाता? फोन करा नं," मी म्हटलं.

"फोनवर सबच चांगलं असते, बाई."

बाबा म्हणजे चैतराम रामटेके, निवृत्त पोस्टमन. कुठल्याही संस्थेला काही देण्याआधी ते न सांगता तिथे जात, प्यायला पाणी मागत आणि झाडणाऱ्या बाईला विचारत, "पगार टायमावर भेटते का वं?" जिथं झाडणारीला पगार मिळतो तिथं दान पोचतं, असं त्यांचं म्हणणं. बैहरचं सिकलसेल केंद्र या परीक्षेत अकरा वर्षं पास होत होतं.

संध्याकाळी परतले तेव्हा त्यांनी पायही धुतले नाहीत.

"दीप्ती, त्या लाल फ्रॉकवाल्या पोरीचा व्हिडिओ तुमच्या शाळेच्या ग्रुपवर कोणं टाकला?"

माझ्या हातातलं पेन थांबलं. "माहीत नाही. काहून?"

"तिच्या गावाले गेलतो. पोरगी बरी हाये. केंद्रात दवाई चालू हाये तिची, फुकट. मायले तं पत्ताच नाही का तिच्या नावानं पैसे मांगून राह्यले. शाळेतले पोट्टे तिले भिकारीण म्हणते. ती शाळेत जात नाही आता."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मी पुढची वही उघडली.

रविवारी सकाळी दाढी करताना ते आरशासमोरच कोसळले, ते उठलेच नाहीत.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात मंडप पडला. आमच्यात त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने दान जाहीर करतात. ते त्या लाल फ्रॉकवाल्या मुलीसाठी कुशलकडे द्यायचं, हे माझ्या धाकट्या भावाने, रजतने आधीच ठरवून टाकलं होतं. ज्याने तो व्हिडिओ बनवून तिच्या नावाने पैसे मागितले तो कुशल सकाळपासून मंडपात स्टँडवर मोबाइल लावत होता.

मी रजतला स्वयंपाकघरात ओढलं. "बाबांचं दान केंद्राले जाईल."

"त्या केंद्राची एक तरी रील हाये का, दीदी? कुशलभैयाले लाखों लोग देखते हैं. बाबांचं नाव होईल."

"ती मुलगी बरी आहे. बाबा जाऊन आले होते."

"मले तं नाही बोलले. आईलेही नाही." त्याने आवाज खाली आणला. "तुलेच काहून सांगतलं?"

आई मोठ्या गंजातला भात उकरत होती. तिचा हात थांबला, पण ती वळली नाही.

"पाह्य," रजत म्हणाला, "बाबांच्या नावानं मनानंच काही सांगू नको."

बाहेर भंतेजींनी गाथा सुरू केल्या. मी बायकांच्या ओळीत बसले. समोर फुलं वाहिलेला बाबांचा फोटो, त्याच्या बाजूला कुशलचा मोबाइल. गाथा संपल्या की रजत उठणार, नाव घेणार, आणि ती लाल फ्रॉकवाली मुलगी पुन्हा हजारो मोबाइलमध्ये शिरणार. या वेळी बाबांच्या नावाने. मी गाथांचे शब्द मोजू लागले. मग तेही जमेना.

शेवटचा 'साधु, साधु'चा साधुकार झाला. कुशलने पडद्याला बोट लावलं, मान हलवली. रजत उभा राहिला.

"माझ्या बाबांच्या स्मरणार्थ—"

"थांब, रजत."

मंडप वळला. कुशलचा हात मोबाइलकडे गेला.

"राहू द्या, कुशलभाऊ. चालूच राहू द्या."

"दीदी, बैठो नं," रजत दबक्या आवाजात म्हणाला.

मी फोटोपर्यंत चालत गेले. लोकांकडे पाहिलं असतं तर शब्द फुटले नसते, म्हणून मी बाबांकडेच पाहिलं. पासपोर्टच्या फोटोवरून मोठा केलेला चेहरा, थोडा धूसर. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती.

"बाबा," मी म्हटलं, "तो व्हिडिओ ग्रुपवर मीच टाकला होता. 'मी स्वतः खात्री केली आहे' असं खाली लिहिलं होतं. खात्री मी केली नव्हती, तुम्ही केली, तिच्या गावाला जाऊन. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. तुम्हाला ते कळलं होतं. मलाही ठाऊक होतं, की तुम्हाला कळलंय."