आत्याबाईंची मिश्री

टक्. डबीचं झाकण उघडलं आणि भर दुपारची शांतता मोडली.

जुईला नुकतंच झोपवून मी स्वयंपाकघरात डोकावले. कोपऱ्यात माझ्या सासूबाई, झुंबरबाई. प्लास्टरमधला डावा हात गळ्यात, डबी गुडघ्यांत धरलेली आणि उजव्या हाताचं बोट थेट हिरडीवर.

"आत्याबाई!"

"वरडू नको गं, पोर उठंल," बोट तोंडातच ठेवून त्या म्हणाल्या.

मला हसू फुटलं, पण लगेच डॉक्टर आठवले. कालच संगमनेरला डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले होते, "मनगटाचं हाड धरतच नाही. पुढच्या फोटोतही असंच दिसलं तर ऑपरेशन करून पट्टी टाकावी लागेल." मग विचारलं, "आजी, तंबाखू?"

आत्याबाईंनी जुईच्या डोक्यावर हात ठेवला. "नातीची शपथ, उभ्या जन्मात खाल्ली न्हाई."

आणि मीही शेजारी मान डोलावली! मिश्रीला आमच्याकडं तंबाखू म्हणतंय कोण? ती दात घासायची.

आता मात्र मी विचारलं, "मिश्री कशाची करता हो?"

"तंबाकूची. तव्यावर पार काळी करून."

"मग?"

"मग काय? जाळल्यावर मानसाचं पाप उरत न्हाई, तंबाकूचं काय उरंल?"

मी डॉक्टरांना फोन लावला. ते आधी खो खो हसले. मग म्हणाले, भाजली तरी निकोटीन राहतंच. हिरडीतून रक्तात उतरतं, बारीक नसा आवळतं, मग मोडलेल्या हाडाला रक्त पुरत नाही. आधी ती बंद करा.

आत्याबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजी पोरीची खोटी शपथ घेतली म्या?" ऑपरेशनच्या भीतीपेक्षा ती भीती मोठी. उठल्या आणि डबी उकिरड्यावर पालथी केली.

त्यानंतर आमच्या घरात जी धमाल उडाली! मिश्रीशिवाय त्यांचं पोट साफ होईना. चहावर चहा, बडीशेपेचे बकाणे, मांजरावरसुद्धा चिडचिड. जुई तर फौजदारच झाली. उठल्या उठल्या, "आजी, आ कर," म्हणून तोंडाचा वास घ्यायची. शेजारच्या रतनबाईंनी कुंपणावरून चिमूटभर पुढं केली, तर जुई किंचाळली, "नको, आजीचं हाड ऐकतंय!" रतनबाईंच्या हातातली चिमूट कोंबड्यांवर सांडली. आम्ही तिघी अंगणात पोट धरून बसलो.

पुढच्या खेपेला मात्र दवाखान्यात कुणी हसलं नाही. आत्याबाईंनी माझा हात गच्च धरलेला. डॉक्टरांनी फोटो उजेडावर लावला. मोडलेल्या जागी पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी पांढुरकं दिसत होतं.

"आजी, हाड धरलं. ऑपरेशन नाही."

आत्याबाईंनी एका हातानंच डॉक्टरांवरून अलाबला घेतली. कानशिलावर बोटं कडकड मोडली. "लई आवुक्ष लाभू दे रं लेकरा!" डॉक्टर लाजले, नर्स हसली, माझे डोळे आपोआप वाहायला लागले.

"पण आता परत सुरू करायची नाही हं."

"इश्श! ती अवदसा कोन घरात घेतंय!"

जुई स्टुलावर चढून फोटोला नाक लावून बघत होती. बराच वेळ. मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "आई, आत तर सगळा अंधार असतो ना? मग ते दोन तुकडे एकमेकांना सापडले कसे?"